बावीस श्रुतींची लिपी : चिन्हाला जागा मिळाली, पण दरबारीने घोळ घातला

मिळाली एकदाची जागा! अक्षराचा उजवा खांदा. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे बारीक स्वरभेद, कागदावर दाखवायला मी जे चिन्ह शोधत होतो त्याची ही जागा.

गणित मागच्या नोंदींत झालंय, ते परत उगाळत नाही. आठवणीपुरतं सांगतो: सा आणि प अचल, बाकीच्या दहा स्वरांची दोन-दोन रूपं, आणि प्रत्येक जोडीतलं अंतर एकच, ८१/८०, म्हणजे साधारण साडेएकवीस सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर). कोमल रिषभाचे २५६/२४३ आणि १६/१५ (सा च्या कंपनांशी गुणोत्तरं) घ्या किंवा शुद्ध गंधाराचे ५/४ आणि ८१/६४ घ्या, भागाकार तोच. म्हणजे भातखंडे लिपीतले (आपल्या नेहमीच्या स्वरलेखनातले) बारा स्वर जसेच्या तसे ठेवून 'चढा' की 'उतरा' एवढं सांगणारं एक चिन्ह पुरेसं आहे. बावीस नवी अक्षरं काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यावरूनच.

पण चिन्ह ठेवायचं कुठे? इतके महिने गाडी इथेच अडली होती. भातखंड्यांनी अक्षराभोवतीची सगळी जागा आधीच वाटून टाकली आहे. खाली कोमलची आडवी रेघ, मंद्राचं (खालच्या सप्तकाचं) टिंब आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांची चंद्रकोर. वर तारसप्तकाचं टिंब, तीव्र मध्यमाची उभी रेघ, मींडेची (स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची) कमान. डाव्या खांद्यावर कणस्वर, म्हणजे नुसता स्पर्श करायचा लहान स्वर. मंद्र कोमल निषाद चंद्रकोरीत बसवून पाहा: टिंब, रेघ, कोर, आणि त्याखाली माझा चढा-उतरा दाखवणारा बाण घातला की तो पुढच्या ओळीच्या डोक्यात घुसतो. ओळींतलं अंतर वाढवलं तर एका पानावर अख्खी बंदिश मावत नाही, आणि तबल्याशेजारी कागद ठेवून गाणाऱ्याला पान उलटायला लावणं म्हणजे पाप.

युनिकोडची (संगणकावर प्रत्येक अक्षर-चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) वेगळीच मजा. कोमलच्या रेघेला मी ०९५२ वापरतो आणि तीव्र मच्या रेघेला ०९५१. दोन्ही चिन्हं वेदपठणाच्या स्वरांसाठी ठेवलेली आहेत, पण ग॒ आणि म॑ अगदी हवे तसे दिसतात. तारसप्तकाला अनुस्वार, मंद्राला नुक्ता (अक्षराखालचं टिंब). हे तर सगळेच करतात. फक्त र ला नुक्ता दिला की युनिकोडच्या लेखी तो 'दुसऱ्या'तला ऱ होतो. दिसायला काही बिघडत नाही, पण फाइलमध्ये मंद्र रिषभ शोधायला जावं तर बंदिशीच्या टिपणांतले सगळे 'तिसऱ्या मात्रेवर' हात वर करून उभे. त्यात वेलांटी-मात्रेनंतर आणखी एखादं जोडचिन्ह घातलं, की कोणता फॉन्ट कधी ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवील याचा नेम नाही.

बाहेरच्यांनी काय केलंय तेही लावून पाहिलं. अमेरिकन संगीतकार बेन जॉन्स्टनच्या लेखनपद्धतीत या ८१/८० साठीच अधिक आणि उणे आहेत. सोपं वाटलं, म्हणून एक भूप तसा लिहून पंचवटीतल्या आमच्या गाण्याच्या ताईंना दिला. त्यांनी पहिल्याच ओळीत गंधारावर एक मात्रा जास्त थांबून विचारलं, "अरे, इथे गंधार लांबवायचाय का?" बरोबरच आहे. आपल्याकडे स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवा. उणे बाद, आणि त्याच्यामागोमाग अधिकही बाद.

हेल्महोल्ट्झ-एलिस या दुसऱ्या पाश्चात्त्य पद्धतीत हाच कॉमा (८१/८० चं अंतर) शार्प, फ्लॅट, नॅचरलच्या चिन्हालाच बाण जोडून दाखवतात. कल्पना देखणी आहे. कोमलच्या रेघेला टोक काढून मी ती उचललीही. पण आपल्या शुद्ध स्वराला चिन्हच नसतं, मग बाण कशाला जोडायचा? सॅजिटल ही तिसरी पद्धत मात्र मला झेपत नाही. त्यातले बाण ओळखायला वेगळा रियाज लागेल.

शेवटी उत्तर निघालं ते अगदी साधं. चिन्ह अक्षरावर चढवायचंच नाही. अक्षर पूर्ण होऊ द्यायचं आणि मग उजव्या खांद्याशी लहान त्रिकोण, स्वतंत्र अक्षर म्हणून: ग▾, रे▴. जोडचिन्ह नसल्यामुळे फॉन्टला गोंधळ घालायला वाव नाही, वर्तुळं गायब, आणि ऩि॒▾ सुद्धा एका ओळीत नीट बसतो. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये त्रिकोण थोडा बारीक करून वर उचलला, बस्स. त्रिकोणच का, तर पलुसकर लिपीमुळे. ती काढणारे विष्णू दिगंबर पलुसकर पंचवटीत राहिलेले, त्यांची लिपी वाचणारी मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांच्यात मंद्राचं टिंब वर येतं आणि तारसप्तकाला वर उभी रेघ. म्हणजे मवरची उभी रेघ एकाला तीव्र, दुसऱ्याला तार. टिंब आणि रेघ या दोन्हींपासून दूर राहिलेलं बरं.

ताईंनी नवा कागद न अडखळता वाचला. त्या दिवशी मी स्वतःला मिसळ खिलवली, जादा तर्रीसकट.

आता रडगाणं. उत्साहात दरबारी राग लिहायला घेतला. गंधार अतिकोमल, म्हणजे ग॒▾, ३२/२७, २९४ सेंट. खात्री करायला ताईंचा आलाप रेकॉर्ड करून प्रात या ध्वनी मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकला. आलेखात २९४ वर रेघ कुठेच ठरत नाही. सूर खालून येतो, हेलकावतो, पुन्हा रिषभाकडे झुकतो. सरासरी काढली तर एक आकडा मिळतो, पण त्या आकड्यावर सूर क्षणभरही उभा नसतो. संगीत-संशोधक जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्येच मोजून दाखवलं होतं की गायक-वादकांचे स्वर अशा ठरावीक आकड्यांवर बसत नाहीत. तेव्हा धक्का बसायचं कारण नव्हतं, पण स्वतःच्या पडद्यावर पाहिलं की चिडचिड होतेच.

देवल आणि त्यांचे इंग्रज सहकारी क्लेमंट्स यांची गाडी याच वळणावर अडली असणार असं मला वाटतं. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, श्रुतींची हार्मोनियम झाली, १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडलीही गेली, आणि जाणकारांना पटली नाही. गुणोत्तरं चोख होती. पण पेटीचा सूर जागचा हलत नाही, आणि दरबारीचा गंधार जागेवर राहत नाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. आंदोलित (असं झुलणाऱ्या) स्वराला एक श्रुती द्यायचीच कशाला? दोन टोकं द्यावीत. स्वराआधी नागमोडी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना तो कुठून कुठे झुलतो ते स्वर, कणस्वराच्या मापात. मग त्रिकोण फक्त ठाम उभ्या स्वरांना. भैरवाचा रिषभही यात बसेल.

आणि हे केलं तर दुसरं एक ओझंही उतरतं. रिषभ बहुतेक वेळा ९/८ चाच, मग दर वेळी रे▴ का लिहायचं? बंदिशीच्या माथ्यावर, राग-तालाच्या खाली, त्या रागाचा श्रुतीपट, म्हणजे कोणत्या स्वराचं कोणतं रूप याची यादी, एकदाच द्यायचा. खाली त्रिकोण यायचा तो पट मोडला तिथेच. यमनाचं पान जवळजवळ कोरं राहील. उद्या सगळा भूप असाच पुन्हा उतरवतो.

स्काला फाइल (संगणकी वाद्याला सूर सांगणारी फाइल) वापरणाऱ्यांसाठी: सेंटमधल्या आकड्यात टिंब विसरू नका. ३८६.० हे सेंट, नुसतं ३८६ लिहिलं की ते गुणोत्तर समजलं जातं आणि सूर आभाळात जातो. शिवाय बावीस सूर कीबोर्डच्या पट्ट्यांवर सरळ ओळीने टाकले तर सप्तक बावीस पट्ट्यांचं होतं. रागाचे बाराच निवडणारी की-मॅप फाइल वेगळी करा. सर्ज हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर फुकट आहे आणि दोन्ही फाइली निमूट घेतो, पैसे टाकून दुसरं काही घ्यायची गरज नाही.

खरीखुरी पेटी या श्रुतींत लावायचं काम मात्र थांबवलंय. पालिताण्याच्या सुरांचा (पेटीत वाजणाऱ्या धातूच्या जिभांचा) संच घेऊन ठेवलाय. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं हाताला कळलंय. पण कोणते बारा घासायचे ते श्रुतीपट ठरवणार, म्हणून आधी कागद. पुढच्या नोंदीत मियाँमल्हाराचे दोन्ही निषाद नागमोडीत घालून पाहतो. कोणाकडे त्याचा संथ, पेटी नसलेला आलाप असेल तर कळवा. साथीला पेटी असली की प्रात तिचाच सूर धरून बसतं.