यादीतला आठवा नंबर

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

घटस्फोटाच्या समझौतानाम्याचा मसुदा आज वकिलांनी पाठवला. सामानाच्या यादीत सातवा नंबर वॉशिंग मशीनचा, नववा लोखंडी कपाटाचा. मध्ये आठवा : 'पालतू श्वान, नर, एक नग'. पुढचा 'किसके पास' हा रकाना कोरा.

एक नग! मी फोन केला तर वकीलसाहेब हसले. "भिया, कानून में तो वो चल संपत्ति ही है." मूल असतं तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ होतं, लग्नात आलेल्या वस्तूंसाठी २७ आहे. आमचा बंडू लग्नानंतर तीन वर्षांनी आला, इंदूरला रामबागेत भर पावसात आमच्याच स्कूटरखाली येऊन बसला. तो ना मूल, ना आहेर. दोघांनी आपसात ठरवा, म्हणाले, मी तसं लिहून टाकतो.

जेवण झाल्यावर मोबाईलवर शोधत बसलो. कॅलिफोर्नियात २०१९ पासून न्यायाधीश घटस्फोटात जनावराची देखभाल कोण करतं हे बघून त्याचा ताबा ठरवू शकतो. स्पेनमध्ये तर २०२२ पासून जनावर ही वस्तूच राहिली नाही, त्याचं भलं कशात आहे ते कोर्टानं बघायचं. आपल्याकडे मुंबईत एका मॅजिस्ट्रेटनं २०२३ मध्ये पोटगी ठरवताना बाईंच्या तीन रॉटवायलरचा खर्च धरला होता. हे सगळं मी वाचत होतो ते बंडू माझाच कसा, याचा पुरावा जमवायला. स्पेनचा कायदा वाचता वाचता मात्र जरा अडखळलो. त्याचं भलं कशात, हा प्रश्न दीड वर्षात मी स्वतःला विचारलाच नव्हता.

ती गेली तेव्हा टिळक नगरला भावाकडे गेली. वहिनीला कुत्र्याची धास्ती, म्हणून बंडू इथे सुदामा नगरलाच राहिला. दर रविवारी ती यायची, वर चढायची नाही. मी त्याला खाली नेऊन द्यायचो, ती तासभर फिरवून आणायची. आई खिडकीतून विचारायचीच, "काय करून राहिलीस गं तिकडे?" आणि ती खालून सांगायची, "बरी आहे आई, तुमचा गुडघा कसाय?" सासू-सुनेचा घटस्फोट कुठल्याच मसुद्यात नाही, हे एक बरं.

आता तिनं राजेंद्र नगरला तळमजल्यावर घर भाड्यानं घेतलंय. पोटगी नको, कपाट नको, मशीन नको. बंडू हवा. मी फोनवर ताडकन म्हणालो, "दीड वर्ष कोणी सांभाळलाय?" ती गप्प बसली. भांडणात ती गप्प बसली की मला जिंकल्यासारखं वाटतं, पहिल्यापासून. आमच्या लग्नाचं काय बिनसलं ते यात बऱ्यापैकी आलं.

पुरावा म्हणून त्याचं लसीकरणाचं कार्ड काढलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव, फोन नंबर तिचा. रेबीजच्या लशीची आठवण दवाखान्यातून तिलाच जाते, आणि ती मुकाट्यानं मला पुढे पाठवते. या वर्षी पाठवल्यावर चार दिवसांनी पुन्हा विचारलं होतं, "दिली का?" दिली नव्हती.

आणि जिना. अठरा पायऱ्या. बंडूचं वय आता अकराच्या आसपास, मागचे पाय धरतात. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तेवीस किलो उचलून खाली, उचलून वर. सकाळी मी करतो. पण पावणेआठला पीथमपूरची बस पकडली की घरी यायला रात्रीचे आठ, कधी नऊ. आईच्यानं तर स्वतःचाच जिना होत नाही. गेल्या गुरुवारी कारखान्यातलं मशीन बंद पडलं, दहा वाजले. आलो तेव्हा बंडूनं दारातच केलेलं होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. हाक मारली तरी वळेना. आई म्हणाली, "बिचाऱ्यानं नऊपर्यंत धरलं होतं रे." मी फरशी पुसली, त्याला पुसलं, आणि तरीही शुक्रवारी वकिलांना सांगितलं की कुत्रा सोडणार नाही.

त्यांच्या ज्युनिअरनं सुचवलं, बागेत दोघं दोन टोकांना उभे राहा, ज्याच्याकडे जाईल त्याचा. सिनेमे फार बघतो वाटतं. बंडू दोघांना सोडून कचोरीवाल्याकडे गेला असता.

खरं सांगायचं तर मला रात्री आल्यावर दार उघडताना आतून शेपटी आपटल्याचा आवाज हवा असतो. आणि सकाळी सव्वासातची कचरागाडी. तिचं गाणं लांबून ऐकू आलं की हा मान वर करून सूर लावतो, गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. शेजारचे काका म्हणतात, स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर तुमच्या कुत्र्यामुळेच येतो. पूर्वी मी आणि ती दोघंही हसायचो. अलीकडे मी एकटाच हसतो, पण हसतो.

आत्ता आठव्या नंबरापुढे तिचं नाव लिहिलं. मग वाटलं, वकिलाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. अकरा वाजून गेले होते, तरी फोन केला. 'घेऊन जा' म्हणायचं होतं, तोंडातून भलतंच आलं.

"तुमच्याकडे कचरागाडी किती वाजता येते?"

ती एक क्षणही थांबली नाही. "सव्वाआठला. गाणं तेच आहे."