अकोल्याचा मे, एक एसी आणि मीटरचा लाल दिवा

एसीचं लाइट बिल कमी कसं करायचं, असं कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: २४ वर ठेवा. बरोबरच आहे ते. २०२० पासून स्टारवाले एसी सुरूच २४ वर होतात, तसा नियमच आहे. एक अंश वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असंही सरकारी ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पण हा सल्ला देणारे बहुतेक जण मे महिन्यात अकोल्यात वरच्या मजल्यावर झोपलेले नसतात. २०२४ च्या मे महिन्यात इथे उन्हापायी कलम १४४ लावलं होतं, म्हणजे बघा. रात्री अकराला स्टुलावर चढून आमच्या बेडरूमच्या स्लॅबला हात लावला तर तो नुकताच उतरवलेल्या तव्यासारखा लागतो. रिमोटवर आकडा कोणताही असू द्या, एसी आधी त्या स्लॅबशी भांडतो आणि मग खोली गार करतो.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे अंदाजावर माझा विश्वास कमी. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एका युनिटला ३२०० लुकलुक. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकेल, आधी तो बघा. मग फ्रिजचं बटण बंद करायचं, बाकीचे दिवे-पंखे बंद करायचे, फक्त एसी ठेवायचा आणि मोबाइलमध्ये एक मिनिट लावून दिवा मोजायचा. एसी सुरू केल्या केल्या आमचा दिवा मिनिटाला ८० च्या आसपास लुकलुकतो, म्हणजे दीड किलोवॅट. खोली गार झाली की तोच २५ वर येतो, म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्याही थोडा खाली. इन्व्हर्टर एसीची गंमत ही आहे. गार खोलीत चालण्याचा तासाचा खर्च कमी, ८० वरून २५ वर येईपर्यंतचा त्याच्या तिप्पट. संध्याकाळी सहाला लावला तर तासभर आकडा हलत नाही. दहाला लावला की वीस मिनिटांत उतरतो.

म्हणून आमच्याकडे दिवसा एसी नाही. दिवसभर हॉलमध्ये कूलर. कोरड्या उन्हात कूलरला तोड नाही, आणि आमचा मोठा लोखंडी कूलर दहा तास चालून दोन युनिटं खातो. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या घ्यायच्या. जुन्यांवर क्षार जमतो, हवा अडते आणि पंप उगाच पाणी फिरवत बसतो. एक पथ्य मात्र कडक आहे: कूलर आणि एसी एका खोलीत नाही. कूलर हवेत ओल सोडतो, एसीला ती ओल आधी पाणी करून बाहेर टाकावी लागते, त्यातच त्याची बरीच शक्ती जाते. म्हणून कूलर बंद केला की अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवून हवा जाऊ द्यायची, बेडरूमचं दार लावायचं आणि मग एसी. एसी २६ वर आणि छताचा पंखा दोनवर. पहाटे चारला टायमर बंद करतो, पुढे पंख्यावर सहापर्यंत निभतं.

मुलीला हे पटत नाही. तिची बारावी. "आई, काऊन बंद केलं वं? मला अभ्यास करायचा आहे नं!" असं दुपारी दोनला सुरू होतं. तिला म्हटलं, बेडरूममध्ये बस, दुपारी दोन तास लाव, पण पडदे ओढून. उलट सासऱ्यांना एसीच नको. अण्णा म्हणतात, हाडं गारठतात. ते हॉलमध्ये कूलरसमोर चादर घेऊन झोपतात आणि मधल्या रात्री उठून कूलरही बंद करतात. बिलाच्या दृष्टीने घरातले सगळ्यात गुणी तेच.

आता बिल. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. ३०० ओलांडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा शेजारच्या काकूंचा पक्का समज आहे. तसं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर. पण ती पायरी मोठी आहे. शिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार असतो, कधी इंधन समायोजन आकार, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आमचं एसीशिवाय महिन्याला १८० युनिट होतं. रात्रीचे सहा तास, सरासरी चार युनिटं धरली तर एसीचे १२० होतात. म्हणजे बरोबर ३०० च्या उंबऱ्यावर. मी दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. तिसऱ्या रविवारी आकडा जास्त दिसला तर आमचे हे इस्त्री बाहेर देतात. त्याने फारसं वाचत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

खरेदी करणाऱ्यांनी एसीवरच्या लेबलवर दोन गोष्टी बघाव्यात. वर्षाची युनिटं १६०० तासांच्या हिशेबाने लिहिलेली असतात, म्हणून त्या आकड्याला १६०० ने भागलं की तासाचा खर्च कळतो. आणि लेबल कोणत्या काळासाठी आहे ते वाचा. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात, जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या तक्त्यात चारही राहत नाहीत कधी कधी. एसीच्या आतल्या युनिटची जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. बाहेरच्या युनिटवर ऊन नको म्हणून हिरवी जाळी बांधली असेल तर ती दोन हात लांब ठेवा, त्याला मोकळी हवा लागते.

माझ्या कॅलेंडरवर सगळ्यात वाईट महिना मे नसतो, जून असतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, सरतो, ढग येतात, पाऊस येत नाही, हवा चिकट होते. कूलर तेव्हा नुसता चिकट वारा फेकतो, मग दिवसाही एसी लागतो. या दिवसांत २७ आणि पंखा, किंवा ड्राय मोड. त्याखेरीज मला तरी दुसरं सुचलेलं नाही.

गच्चीवर पाणी मारा, असं सांगतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते गच्चीवर ओतवत नाही. दोन वर्षांपासून मार्चमध्ये चुना फासतो, फेविकॉल मिसळून, दोन हात. एसीचा दिवा त्यानंतर लवकर उतरायला लागला. आता सोलरचा विचार चाललाय. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे, दिवसाला सरासरी बारा-एक युनिटं मिळतात आणि पॅनलच्या सावलीने स्लॅबही कमी तापेल. अडचण सासूबाईंची. "सगळी गच्ची झाकली तर मी कुरडया कुठे घालू?" उंच स्टँडवर बसवू म्हटलं, तर म्हणाल्या, "सावलीत वाळतात का कुरडया?" स्टँडवाल्याने उंचीचे पैसे वेगळे सांगितलेत. दक्षिणेकडची अर्धी गच्ची पॅनलला, उरलेली कुरडयांना, असं सध्या बोलणं चालू आहे. अण्णांनी कुरडयांची बाजू घेतली आहे.