सत्तेचाळीस क्रमांकाची तक्रार

रेडिओ-नियंत्रित शिडाच्या नौकांच्या शर्यतीत स्पर्धा अधिकाऱ्यापुढे येणाऱ्या तक्रारी बहुधा ठरावीकच असतात. कोणी कोणाला वाट दिली नाही किंवा कोणाची नौका बोयाला, म्हणजे वळण दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, घासून गेली, एवढाच वाद असतो आणि दोघातिघांना विचारले की तो पाच मिनिटांत मिटतो. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' तलावावर माझ्यापुढे आलेली तक्रार मात्र नियमपुस्तिकेपेक्षा माझ्या पेशाला अधिक जवळची होती. जहाजांवरील रेडिओ-दळणवळण यंत्रणांची देखभाल करणे हे माझे पोटापाण्याचे काम, आणि आमच्या गटात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे अधिकाऱ्याची शिट्टी आणि मल्टिमीटर या दोन्ही गोष्टी माझ्याच गळ्यात पडतात.

हा तलाव म्हणजे मुळात होल्डिंग पाँड. नवी मुंबईचा बराच भाग सखल असल्याने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते साठवून ओहोटीला सोडून देण्यासाठी सिडकोने शहरभर असे तलाव आखले. आमच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. भोवताली मोकळे असल्यामुळे दुपारचा खाडीवरचा वारा पाण्यावर सरळ उतरतो, आणि पाण्यात खारटपणाचा अंश असतो. हा दुसरा मुद्दा पुढे उपयोगी पडला.

त्या दिवशी दहा नौका होत्या, सर्व 'वन मीटर' वर्गातल्या. या वर्गात नौकेची लांबी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि वजन ४ किलोंपेक्षा कमी चालत नाही. त्यातले निम्म्याहून अधिक वजन कीलच्या, म्हणजे तळाखाली पाण्यात उभ्या असलेल्या पात्याच्या, टोकाला असलेल्या शिशाच्या गोळ्यात असते. आत मोटर नसते, हे फिरायला आलेल्यांना दर वेळी नव्याने सांगावे लागते. रेडिओवरून सुकाणू वळवायचे आणि शिडाची दोरी सैल किंवा ताठ करायची, बाकी सारे वाऱ्याच्या हाती.

सकाळी वारा जेमतेम होता. फेऱ्या संथपणे पार पडल्या आणि ४७ क्रमांकाची नौका त्यांत सतत पहिल्या तिघांत राहिली. तिचा चालक ऐरोलीचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि ती नौका त्याने स्वतः बांधली होती. जेवणानंतर वायव्येचा वारा भरला, नौका चांगल्याच कलू लागल्या आणि पहिल्याच फेरीत वाऱ्याकडच्या, म्हणजे आमच्यापासून सर्वांत दूरच्या बोयाजवळ ४७ अचानक सरळ निघून गेली. पुढच्या फेरीत नेमके तेच घडले. या खेपेस ती बोयाला वळसा घालणाऱ्या ३१ क्रमांकाच्या नौकेच्या कुशीत शिरली. मुलाने नियमाप्रमाणे "सत्तेचाळीस, कंट्रोल गेला!" अशी आरोळी दिली. अशी आरोळी दिलेल्या नौकेला त्या फेरीतून माघार घ्यावी लागते. पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, अशी ही उलटी गुणपद्धत असल्यामुळे दहा नौकांच्या शर्यतीत माघारीचे ११ गुण पडतात आणि दिवसभराची कमाई पाण्यात जाते.

मुलाने माझ्याकडे दाद मागितली. बाहेरून रेडिओ-व्यत्यय आला असेल आणि स्पर्धा समितीने तो मान्य केला असेल, तर अशी दाद देता येते. त्याचे म्हणणे असे की त्या बोयाच्या दिशेला इमारतीवर मोबाइलचे टॉवर आहेत आणि दुपारी काठावर मोबाइलवाल्यांची गर्दीही वाढली आहे. ३१ चे मालक वाशीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते तडकून म्हणाले, "अहो, टॉवर काय फक्त याच्याच नौकेवर डूख धरून बसलाय?"

मुलाचा तर्क अगदीच पोरकट नव्हता. आमचे संच २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात, आणि आपल्याकडे फोर-जीसाठी वापरला जाणारा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याला अगदी खेटून आहे. तरीही हे संच वारंवारता सतत बदलत राहतात आणि प्रत्येक रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचा संकेत ओळखतो. म्हणून थोडाफार गोंधळ ते सहज पचवतात. शिवाय ३१ चे म्हणणे खरेच होते. त्याच बोयाजवळून इतर नऊ नौका विनातक्रार वळत होत्या आणि त्यांतल्या तीन तर ४७ च्याच कंपनीचा संच वापरत होत्या.

दुपारनंतर तीन गोष्टी बदलल्या होत्या, गर्दी, वारा आणि नौकांचे कलणे, आणि बिघाड नेहमी एकाच जागी होत होता. आम्ही बोय डाव्या हाताला ठेवून वळतो, त्यामुळे त्याच्याकडे जाण्याचा शेवटचा टप्पा प्रत्येक नौका स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे उजव्या बाजूने वारा घेऊन, डावीकडे कलून कापते. मग दोष त्या जागेचा की त्या कलण्याचा? मी पुढची फेरी थोपवली आणि मुलाला सांगितले की, नौका त्याच जागी पोर्ट टॅकवर, म्हणजे उजवीकडे कललेली ने. ती गेली, बोयाच्याही पलीकडे गेली आणि निमूट परत आली. मग तीच जागा स्टारबोर्ड टॅकवर गाठायला लावली. बोयाच्या थोडे अलीकडेच सुकाणू गोठले. हा वेळ वाया जातो आहे असे दोघांनी बोलून दाखवले, पण कारण कळल्याशिवाय निकाल देणे मला पटत नव्हते.

भरकटलेली नौका पलीकडच्या काठाला जाऊन लागली होती. ती आणून आम्ही डेकवरचा चिकटपट्टीचा तुकडा सोलून काढला. रिसीव्हर नीट बसवलेला होता आणि आतून कोरडा ठणठणीत होता. अँटेनाची बारीक तार मात्र डाव्या कुशीला, जवळजवळ तळाशी, टेपने आडवी चिकटवली होती. या तारेचे शेवटचे ३१ मिलिमीटर तेवढे संकेत पकडतात, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि तिचा चौथा भाग तेवढाच भरतो. नौका डावीकडे कलली की बाहेरच्या पाण्याची पातळी या तुकड्याच्या वर जाई. फायबरग्लासमधून हे संकेत सुखाने आरपार जातात, पण पाणी त्यांना गिळून टाकते, आणि पाणी खारट असेल तर अधिकच. जवळ असताना जे थोडेफार पोचत होते, तेवढ्यावर नौका चालत राहिली. सर्वांत दूरच्या टोकाला ते पुरेना. जुन्या २७ आणि ४० मेगाहर्ट्झच्या संचांना ही अडचण तितकीशी जाणवत नसे, म्हणूनच पाणबुड्यांची मॉडेले चालवणारे हौशी लोक ते अजून जपून ठेवतात.

हे सर्वांसमोर दाखवणे आवश्यक होते. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करणारी पल्ला-तपासणीची सोय चालू करून मी मुलाला काठावरून दूर उभे केले आणि पायऱ्यांशी नौका पाण्यात हाताने धरली. उजवीकडे कलवली, तर सुकाणू त्याच्या बोटाबरहुकूम हलत होते. डावीकडे कलवली की थांबत होते. सरळ केली की पुन्हा हलू लागे. वाशीचे गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून वाकून पाहत होते. त्यांनी ती मला दोनदा डावीकडे कलवायला लावली आणि मग म्हणाले, "मान्य."

व्यत्यय बाहेरचा नव्हता, त्यामुळे दाद नाकारली. "काका, मग ते अकरा गुण तसेच राहणार?" असे मुलाने विचारले, तेव्हा दोन्ही फेऱ्यांचे राहतील असे मी सांगितले. तो हिरमुसला, पण वाद घातला नाही. रिसीव्हरमध्ये फेलसेफचीही सोय होती. संकेत तुटल्यावर आहे त्या स्थितीत राहण्याऐवजी शीड सैल सोडावे, अशी ती लावून घ्यायला मी सांगितले, म्हणजे निदान कोणाच्या अंगावर तरी जाणार नाही.

दुरुस्ती शहाळेवाल्याकडच्या स्ट्रॉने झाली. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीपासून थोडे दूर, डेकला छोटे भोक पाडून स्ट्रॉ उभी केली, तार तिच्यातून वर घेतली, टोक आणि बूड दोन्ही इन्सुलेशन टेपने बंद केले. दिसायला गबाळे काम होते.

शेवटच्या फेरीत वारा सर्वांत जोरात होता. अर्ध्या वाटेवर ३१ पोर्ट टॅकवर आडवी आली, ४७ स्टारबोर्डवर होती आणि वाट तिचीच होती. पुढून निसटण्याचा ३१ चा अंदाज थोडक्यात चुकला आणि ४७ ला ऐनवेळी वळावे लागले. मुलाने खणखणीत आवाजात ३१ विरुद्ध प्रोटेस्ट पुकारला. माझी शिट्टी तोंडाशी जाण्याआधीच वाशीच्या गृहस्थांनी नौका बाजूला घेऊन दंडाचा वळसा पुरा केला. ४७ दूरच्या बोयाला डावीकडे पुरती कलून वळली आणि त्या फेरीत दुसरी आली.