टिकलीकडे बघ

"जोर कमी कर. टिकलीकडे बघ."

नौपाड्यातल्या क्लासमध्ये लेकीच्या बॅले टीचरने आज एवढंच सांगितलं. स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून आरशावर चिकटवली, बरोबर पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला.

दुसऱ्या पिरुएतला (एका पायावरची गिरकी) ती कायम डावीकडे कलंडायची. बाकावरून एक काका, "अगं, जोर लाव जोर!" (काका स्वतः कधी जागच्या जागी फिरलेत का, देव जाणे.) जोर लावला की खांदा आधी पळतो आणि तोल गेलाच.

आता अंग वळलं तरी नजर टिकलीवर. मान अगदी शेवटी झटकन फिरवायची, की परत टिकली समोर. गिरकी थांबली तरी कानाच्या आतलं द्रव फिरत राहतं, म्हणून गरगरतं. अशी नजर धरली की ते बरंच कमी होतं. बाकी मग आधीचा प्लिए (गुडघे वाकवणं) नीट हवा, फिरताना उभा पाय ताठ, टाच पूर्ण वर.

पोरं अडली की आपला पहिला सल्ला जोर लावायचाच. गणितालाही तोच, पोहायलाही तोच. नेमकं कुठं बिनसतंय ते बघायला कुणाला वेळ असतो?

कथकवाल्यांनो, चक्करांना तुम्हीही मान अशीच शेवटी आणता ना? तुम्हाला नजर कशावर ठेवायला सांगायचे?