पेढ्याचा सौदा

गेल्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचो. पहिले चार दिवस पोरगं आपणहून उठलं. मोर ओरडला की थांबायचं, दगड खिशात कोंबायचं. मग मलाच अक्कल सुचली. म्हटलं, "रोज वर आलास की एक कंदी पेढा." आठवड्याभरात मोर गेले, दगड गेले. अर्ध्या वाटेत बसून विचारतो, "बाबा, इथवर आलो तर अर्धा मिळेल?"

बायको म्हणाली, "लाच लावलीत ना, आता भोगा."

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला होता. मुळात चित्रांची आवड असलेली मुलं. काहींना बक्षीस आधी कबूल केलं, काहींना अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळेत कबुलीवाल्यांनीच रंग कमी हातात घेतले. अचानक मिळालेल्यांची आवड टिकून होती. म्हणजे घोटाळा पेढ्यात नाही, सौद्यात. (पाढ्यांना मात्र पेढा बिनधास्त चालतो, तिथं मरायला मुळात आवडच नव्हती.)

आता सौदा बंद. परवा गडावर काही न बोलता खिशातून एक पेढा काढून दिला. खाण्याआधी त्यानं माझ्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं.