तुम्ही विचारलंत म्हणून: सव्वीसची चाकं आणि ते कुत्रं

"काकू, ह्या जुन्या सायकलला असली चाकं कशी काय?" सिग्नलला शेजारी थांबलेली पोरं विचारतात. सकाळच्या ग्रुपमधले विचारतात. नणंद दर गणपतीत विचारते, "अगं, त्यापेक्षा नवीच घे की!" आजवर मी "हौस" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नाही.

नवी का नाही, ते आधी. माझी उंची ४ फूट ११ इंच. माझे पाय टेकतील म्हणून दुकानदार जी सायकल पुढे करतात ती सहावीतल्या मुलीची असते, जांभळी, पुढे बास्केट. १९८८ साली पहिल्या पगारात घेतलेली ही लेडीज सायकल मला बसते. सीटवरून दोन्ही चवडे जमिनीला लागतात. एवढंच कारण. आठवणीबिठवणी तुम्ही चिकटवता.

चाकं बदलली ती पावसामुळे. जुन्या रिमा लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या रस्त्यावर तक्रार नाही, पण ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर त्यांच्यावरून नुसतं घसरतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचं. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक पुष्कळ बरा लागतो, म्हणून त्या हव्या होत्या. निवृत्तीनंतर वेळही होता आणि खुमखुमीही.

माझं चाक सव्वीसचं. दुकानात डोंगरी सायकलींच्या सव्वीसच्या रिमा टांगलेल्या. घेतल्या. सव्वीस म्हणजे सव्वीस, त्यात काय बघायचं?

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. एक पूर्णांक तीन चतुर्थांश म्हणजेच १.७५, हे किती वर्गांना घोकायला लावलं असेल! टायरच्या जगात २६ × १¾ आणि २६ × १.७५ ही दोन वेगळी मापं आहेत, एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. इंच हे नुसतं नाव. खरं माप म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. माझ्या जुन्या टायरवर तो छापलेला होता, ३७-५९०: रुंदी ३७, व्यास ५९० मिलिमीटर. हवा भरताना शेकडो वेळा डोळ्यांखालून गेला असेल. डोंगरी सव्वीसचा व्यास ५५९. म्हणजे रिमची कड सगळीकडून साडेपंधरा मिलिमीटर आत.

चाक चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, बसलं, पण ब्रेकचं रबर रिमच्या वर, थेट टायरला टेकायला लागलं. मेकॅनिकने लोखंडी पट्ट्या कापून, भोकं पाडून ब्रेक खाली उतरवला. डोंगरी सायकलीचा जाडा टायर मागच्या चिमट्यात मावेना, म्हणून बारीक घातला, आणि अख्खी सायकल जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली आली. तो म्हणाला होता, "मॅडम, पायडल खाली येणार हां." मी म्हणाले, "दीड सेंटिमीटरने काय होतंय?" हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या वेळी मी सगळ्यांना सांगत होते की त्याने काम बिघडवलं.

नोव्हेंबर २०२१, सकाळचे साडेसहा. म्हात्रे पूल उतरून डावीकडे वळत होते. वेग जरा जास्त होता, ब्रेक दाबला. पट्ट्या वाकल्या, रबर रिमला लागलं ते उशिरा आणि अर्धवट. तरी फार काही नव्हतं, नुसती वळले असते तर निभावलं असतं. पण मी वळता वळता पायडल मारलं. तेहतीस वर्षं तशीच मारत आले होते, कधी काही लागलं नव्हतं. डावं पायडल खाली आलं आणि रस्त्यावर खर्रकन घासलं. मागचं चाक उचललं गेलं. पडताना हात पुढे केला, तेच चुकलं. मनगटातून आवाज आला तो मी आधी ऐकला, कळ मग आली. दूधवाल्याने सायकल उचलून फुटपाथला लावली आणि विचारलं, "काय झालं, काकू?"

मी म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं नव्हतं. कुणीच नव्हतं. सहा आठवडे प्लास्टर होतं, आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या तांबड्या कुत्र्यावर हे येता-जाता काठी उगारायचे. मी गॅलरीतून बघायची आणि गप्प बसायची. एका गणिताच्या बाईला वजाबाकी जमली नाही, हे सांगण्यापेक्षा कुत्रं सोपं होतं. नणंदबाई, तुम्हीही हे आजच वाचताय.

मग आताची चाकं. मोठी, ६२२ची, लावून पाहिली, तर ती मडगार्ड काढूनही मागच्या चिमट्याच्या आडपट्टीला भिडतात. उरली ती बाजारात ज्याला साडेसत्तावीस म्हणतात ती. तिचा व्यास ५८४. परत वाचा. साडेसत्तावीसची रिम माझ्या सव्वीसच्या रिमपेक्षा ६ मिलिमीटर लहान आहे! ब्रेकचे रबर ३ मिलिमीटर खाली सरकवले की भागलं. डिस्क ब्रेकवाल्या रिमेला रबर घासायला सपाट पट्टी नसते, म्हणून साध्या ब्रेकची रिम हुडकावी लागली. जुना मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, ४० तारांचा, पुढचा ३२चा, ही इंग्रजी रोडस्टरची चाल. मागची नवी रिम ३६ भोकांची, म्हणून मागचा हब बदलला. मेकॅनिक तोच. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

टायरचं दुखणं राहिलंच. ह्या मापात मला इथे मिळाले ते जाडजूड. ३८ मिलिमीटरचे भाचा फ्रान्सहून आणतो, तिकडे प्रवासी सायकलींना हे माप पूर्वीपासून आहे. म्हणजे जी सायकल गल्लीतला कुणीही दुरुस्त करायचा, तिचा टायर फाटला की मी भाच्याच्या सुट्टीची वाट बघते. हे शहाणपण की हट्ट? तेव्हाची मी म्हणते, पावसात ब्रेक लागतोय ना, मग गप्प बस. आताची मी गप्प बसत नाही, कारण मागच्याच महिन्यात कळलं की जपानमध्ये बायकांच्या रोजच्या सायकलींना अजून ५९०चीच चाकं असतात, आणि त्या मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिमाही तिथे मिळतात. ती एक जोडी मागवली असती तर ब्रेक, टायर, उंची, काहीच हलवावं लागलं नसतं. टायर तर इथल्या साध्या दुकानातही मिळतो.

भाच्याला विचारलं, जपानला कुणी ओळखीचं आहे का. तो म्हणाला, "मावशी, आता पुरे." मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालाय, आणि भाचा येणार थेट डिसेंबरात.