डाव सोडला

मृग लागला की शाळेच्या मैदानाची तळी व्हायची, खो-खो बंद पडायचा आणि पीटीचे सर कपाटातून बुद्धिबळाचे पट काढायचे. मी खेळाडू झालो तो मालवणच्या पावसामुळे!

सर स्वतः बेताचंच खेळायचे. शिस्त मात्र कडक. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची आणि प्रत्येक चाल वहीत उतरवायची. तीही जुन्या ‘पी-के फोर’ पद्धतीने, जी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ मध्येच बाद केली होती. मुंबईतल्या माझ्या पहिल्या स्पर्धेत पंच कागद हातात घेऊन बघतच राहिले.

आठवीत तालुक्याच्या स्पर्धेत माझा घोडा फुकट गेला. मी डाव सोडला आणि रडवेला होऊन उठलो. सरांनी दारातच गाठलं. ‘‘सोडलंस ता सोडलंस, पण लिवक नको?’’ मग रिकाम्या वर्गात बसून सगळा डाव आठवून लिहिला. तोवर शेवटची एसटी गेली. सरांनी सायकलवर डबलसीट तारकर्लीपर्यंत सोडलं. छत्री माझ्या हातात होती, ती वाटेत दोनदा उलटली.

१९८८ मध्ये विश्वनाथन आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला तेव्हा मी दहावीत. ‘मीही होणार’ असं घरी जाहीर करून टाकलं. त्यासाठी २५०० रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुण, आणि तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात, याचा पत्ताच नव्हता. माझी गाडी २२००च्या आसपास अडकली ती अडकलीच. ग्रँडमास्टरांना प्रवेश फी सहसा माफ असते, आमच्यासारख्यांनी ती भरायची, कुणा नातेवाइकाकडे पथारी टाकायची आणि बक्षीस मिळालंच तर परतीच्या तिकिटात घालवायचं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत तर रात्रभर एसटी, कशेडी घाटात पोटात ढवळणं आणि सकाळी पहिली फेरी. पुढे क्लास काढला. घर त्यावरच चाललं.

गेल्या वर्षी माळा आवरताना ती वही सापडली. सहज म्हणून तो आठवीतला डाव संगणकाला घातला. शेवटच्या स्थितीला आकडा आला ०.००, म्हणजे दोघं समसमान. घोडा गेला होता, पण हत्तीने शह देत राहिलो असतो तर डाव बरोबरीत सुटला असता.

वहीत सरांनी लाल शाईने एकच प्रश्नचिन्ह, म्हणजे चुकलेल्या चालीची खूण, काढलंय. ते घोड्याच्या चालीपुढे नाही. खाली मी ‘डाव सोडला’ लिहिलंय, त्याच्यापुढे आहे.